कपाळाला लागलेलं नाणं

नाणं कपाळाला टेकलं तेव्हा रविकांतला आधी फक्त गार लागलं. काय झालं हे कळायला त्यानंतर थोडा वेळ गेला. हातात निळे रबरी मोजे होते, तोंडाला मास्क होता, टेबलावर पांढरं मऊ फडकं अंथरलेलं होतं, दिव्याची मान हवी तशी वाकवलेली होती. सगळं जिथल्या तिथं होतं, आणि बायकोच्या, मंजुषाच्या, जन्मवर्षाचं ते शंभर रुपयांचं चांदीचं नाणं, जे टाकसाळीतून निघाल्यापासून माणसाच्या कातडीला म्हणून लागलं नव्हतं, ते त्याच्या कपाळावर, नुकत्याच ओढलेल्या भस्माच्या पट्ट्यांवर बसलं होतं. त्यानं ते तिथं नेलं नव्हतं. म्हणजे नेलं त्यानंच, खोलीत दुसरं होतं कोण. पण न्यायचं असं काही मनात आलेलं त्याला आठवेना. कडेनं दोन बोटांत धरून पारदर्शक पाकिटाकडं न्यायचं होतं, एवढंच मनात होतं. हात वाटेत वळला. वळला आणि वर गेला. आणि तो आपला शहाण्यासारखा बसून राहिला, डोळे मिटून. होय, डोळेही मिटले होते.

आता हे काम कसं करतात ते लातूर-नांदेडकडच्या नाणेवाल्यांत रविकांतला विचारावं, असं लोक म्हणायचे. त्याचं चष्म्याचं दुकान. बारीक स्क्रू, बारीक चिमटे, भिंगं हा रोजचा संसार. त्यामुळं उमरीचा कुणी, उदगीरचा कुणी, नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या मुंबईच्या कंपनीकडं नाणं पाठवायचं म्हटलं की ते घेऊन त्याच्याकडं यायचा. कंपनीतले जाणकार नाणं भिंगाखाली बघणार, सत्तरपैकी आकडा देणार, नाणं कायमचं कडक पेटीत बंद करणार. त्याच्या आधी ते टाकसाळीच्या जुन्या डबीतून बाहेर काढायचं, आणि ती जुनी डबी म्हणजे वर्षानुवर्षांत चिकट झालेलं प्लास्टिक. तिथं हात हलला की संपलं. नाण्यावर तोंड उघडून बोलायचंसुद्धा नाही, थुंकीचा अदृश्य थेंब उडतो आणि पुढं महिन्यांनी तिथं काळा ठिपका उगवतो. म्हणून रविकांत हे काम सकाळी, अंघोळ आणि लिंगपूजा आटोपली की करायचा. हात त्या वेळी सगळ्यात स्वच्छ असतात. हातांचं त्यानं सगळं बघितलं होतं. कपाळाचं कुणाच्या ध्यानात येतं?

नाणं खाली घेताना त्याला पहिला आठवला तो वास. गुळाचा, मिरचीचा, ओल्या पोत्याचा, आणि त्यात मिसळलेला नाण्यांचा आंबूस वास. लातूरच्या गंजगोलाईत वीरण्णाचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, दादांचं, किराणा दुकान होतं. दादा दुकान उघडून बसायचे, कपाळभर भस्म, पांढरा सदरा कोपरापर्यंत पिवळट झालेला, आणि बोहणीचं पहिलं नाणं गिऱ्हाईकाच्या हातातून आलं की ते कपाळाला लावायचे, डोळे मिटायचे, मग गल्ल्यात. दहा पैसे असोत की रुपया. शाळेत जाताना रविकांत दुकानाच्या पायरीवर उभा राहून ते बघायचा आणि त्याला शरम वाटायची. कुणाकुणाच्या घामाचं, कुणी तोंडात धरलेलं, कुणी कमरेला खोचलेलं, ते थेट कपाळाला. घरी दादा पाठीवरून हात फिरवायचे तर तो पाठ आखडून घ्यायचा. त्या हाताला सगळ्या गावाचा हात लागलाय असं वाटायचं. पुढं त्याला नाण्यांचा नाद लागला तो न हाताळलेल्या नाण्यांचा, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही. दुकान चालवायला त्यानं साफ नकार दिला, चष्मे घेतले, काचेचं काउंटर घेतलं. दादा एकटेच दुकानात बसत राहिले. ते गेले, दुकान गेलं, जागेवर मोबाइलवाला आला. आणि आज इतक्या वर्षांनी ते त्याच्या उजव्या दंडातून उठले होते. त्याला वाटलं, आणखी काय काय ठेवून गेलेत हे माझ्यात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथं तर सुंभ दुसऱ्याचा आणि पीळ आपला.

आणि नाणं तरी कुणाचं असावं? उमरीच्या एखाद्या कापसाच्या व्यापाऱ्याचं असतं तर पाय धरले असते, भरून दिलं असतं. हे मामांचं होतं. मामा म्हणजे मंजुषाचे वडील, नांदेडचे मलप्पा, पोस्टात जन्म काढलेला माणूस. मुलगी झाली त्या वर्षीचं हे नाणं त्यांनी मुंबईच्या टाकसाळीतून मागवलं, आणि पार्सलं कशी आपटतात हे रोज बघत असल्यामुळं ते स्वतः स्टेशनवर जाऊन टपालाच्या डब्यातून उतरवून घेतलं, छातीशी धरून घरी आणलं. डबी उघडली कधीच नाही. मंजुषा सांगायची, लहानपणी वाढदिवसाला अप्पा ती डबी आणायचे, लांबून दाखवायचे आणि म्हणायचे, ‘बघ, तू अशी हायस.’ हात लावू द्यायचे नाहीत. आता मामांच्या डोळ्यांचा पडदा गेला होता. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. रविकांतनं स्वतःच तपासलं होतं, पुण्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, ह्याला चष्मा नाही. दिवाळीला गेला तेव्हा मामांनी कपाटातून डबी काढून त्याच्या ओंजळीत ठेवली. ‘जावईबापू, मला आता दिसंना गेलंय. मी जपलं, पर कसं जपलं ते जाणकारानं सांगावं. आकडा येऊ द्या. तेवढा ऐकला की झालं माझं.’ आणि मग बायकोकडं, गौरम्मामामींकडं, वळून, ‘दुसऱ्या कुनाच्या हातात देत नसतो मी.’ तेव्हा रविकांतला छाती फुगल्यासारखं वाटलं होतं. आता तीच छाती आत गेली होती.

त्यानं नाणं दिव्याखाली तिरकं धरलं. त्या जातीचं नाणं म्हणजे सपाट जागा आरशाची आणि चित्र तेवढं दुधाळ. त्या आरशावर भस्माची एक पुसट पट्टी उमटली होती, तिच्यात त्याच्या कातडीच्या बारीक रेघा. रबरी फुंकणीनं त्यानं हवा मारली. वरची धूळ गेली, ओली बसलेली राहिली. इथं थांबायचं असतं. हे तो दुसऱ्यांना सांगत आला होता. पुसायचं नाही, काहीही झालं तरी पुसायचं नाही, डाग परवडला पण पुसणं परवडत नाही. भस्म म्हणजे शेवटी राख, आणि राखेनं पितळी भांडी घासतात हे काय त्याला माहीत नव्हतं? थांबायचं, शुद्ध द्रवात नुसतं बुडवून ठेवायचं, जे सुटेल ते सुटू द्यायचं. हे सगळं त्याच्या डोक्यात ओळीनं उभं होतं. आणि त्यानं मास्क खाली ओढला, नाण्यावर ‘हा’ करून तोंडाची वाफ सोडली, आणि खिशातलं पिवळं फडकं काढून गोल गोल पुसलं.

दुकानात दिवसभर तो हेच करायचा. कुणीही आलं, चष्मा काढून ठेवला, की बोलता बोलता वाफ, फडकं, गोल गोल, ‘घ्या, आता बघा.’ ह्या वेळी डोळे उघडे होते. पुसून झाल्यावर नाणं लखलखलं आणि क्षणभर त्याला खरंच बरं वाटलं. मग त्यानं भिंग डोळ्याला लावलं. आरशावर केसाहून बारीक रेघांचं रिंगण पडलं होतं, फडक्याच्या वळणाचं. नाणं हलवलं की रिंगण फिरायचं. आगीतून उठून फुफाट्यात, आणि फुफाटाही आपणच पसरलेला. दादांच्या हातानं जे झालं होतं ते कदाचित निघालं असतं. हे निघणार नव्हतं. दादांवर ढकलावं अशी तयारी त्याच्या मनानं एव्हाना करून ठेवली होती, ती सगळी वाया गेली. त्याला एकदम फार एकटं वाटलं.

मंजुषा चहा घेऊन दारातच थांबली. नाणी उघडी असली की ती आत यायची नाही, तेवढं तिला माहीत होतं. त्याचा मास्क हनुवटीवर बघून तिनं कप बाहेरच्या स्टुलावर ठेवला.

‘काय झालं हो?’

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, कपाळाचं आणि फडक्याचं. तिच्याशी खोटं बोलायचं त्याच्या डोक्यात कधी यायचंच नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यात गरजच पडली नव्हती. ती ऐकून घेत होती. तिची नजर त्याच्या कपाळावर होती, जिथं भस्माची पट्टी मधे पुसली गेली होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसूही आलं असावं.

‘कपाळाला लावलंत? तुम्ही?’

‘हाव.’

‘मग सांगून टाका अप्पांना. ते काय तुम्हाला खातेत का? मुद्दाम केलंय का तुम्ही?’

‘ते कपाळाचं ठीक आहे गं. पुसलं ते कसं सांगू? अडाणी माणूस पुसतो. मी पुसलं.’

‘तेच सांगायचं मग.’

‘निकाल येऊ दे. कदाचित त्यांच्या नजरेतून सुटेल.’

कप उचलून तिनं त्याच्या हातात दिला आणि मोजे काढा आधी, एवढं म्हणून गेली.

सुटेल, असं त्यानं स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पाकिटात घातलं, पुठ्ठ्यात बांधलं, मुंबईला पाठवलं. दुकानात कुणाचा चष्मा हातात आला की त्याचं फडकं मधेच थांबायचं, आणि गिऱ्हाईक बघत राहायचं. एकदा जळकोटकडची एक म्हातारी चष्म्याचे पैसे देताना नाणी मोजून देत होती. त्यातलं एक त्याच्या तळव्यात पडलं तसा त्यानं हात टेबलाला दाबून धरला. वर जातोय की काय, अशी भीती. ‘काय दुखतंय का बाबा हात?’ म्हातारीनं विचारलं. तो म्हणाला, नाही, काही नाही. संध्याकाळी गंजगोलाईवरून जाताना तो मोबाइलवाल्याच्या दुकानासमोर उगाच रेंगाळायचा. दादा गिऱ्हाईकाला म्हणायचे ते त्याला आठवायचं: ‘ही तूर नको नेऊ, जुनी हाय, शिजत न्हाई. उद्या ये.’ मागनं आई कपाळावर हात मारायची, आणि पोरगा म्हणून रविकांतला तेव्हा वाटायचं, ह्यांना धंदा कळत नाही. ते हात बोहणीचे, मळकट, सगळ्या गावाला लागलेले. आणि ते तोंड असं. दोन्ही एकाच माणसाचं होतं हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

नाणं परत आलं. कडक पेटीत, वर कंपनीची चिठ्ठी आतच बंद केलेली. आकड्याच्या जागी आकडा नव्हता. इंग्रजीत लिहिलं होतं की नाणं अस्सल आहे आणि ते साफ केलेलं आहे. बास. मंजुषानं ते वाचलं, पेटी उलटीसुलटी करून बघितली, दिव्याखाली नेली, आणि रिंगण फिरलेलं तिलाही दिसलं. बराच वेळ ती ते फिरवत राहिली. ‘आता सांगा,’ ती म्हणाली. ‘समोर सांगतो,’ तो म्हणाला, ‘फोनवर बरं दिसत नाही.’ हे त्याचं खरं होतं. सांगायचं त्यानं ठरवलंच होतं.

रविवारी दोघं नांदेडच्या गाडीत बसले. अहमदपूर गेलं, लोहा आलं, आणि तो वाक्य जुळवत होता. मामा, माझ्या हातून चूक झाली. मामा, एक सांगायचंय. मामा, नाणं माझ्याकडून खराब झालं. खराब झालं की केलं? केलं. मामा, मी नाणं खराब केलं. एवढंच वाक्य, त्यात अवघड काय आहे, एखादं पोर म्हणेल. बाहेर सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं होती, काळी, सपाट. मंजुषा खिडकीशी डोळे मिटून होती. मधे तिनं डोळे न उघडताच त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्याला धीर आला. सांगून झाल्यावर परतीच्या गाडीत किती हलकं वाटेल, ह्याचाही त्यानं विचार करून ठेवला.

मामा तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, कपाळाला भस्म, समोर पाट. पाटावर गौरम्मामामींनी धुतलेलं फडकं घातलं होतं. जणू पोरगी बघायला पाहुणे येणार होते.

‘आले का जावईबापू? अगं, पानी दे त्यास्नी. न्हाई, आदी आकडा. पानी मागनं.’

‘अहो, बसू तर द्या,’ मामी म्हणाल्या. ‘सकाळधरनं असंच करून राहिले.’

रविकांतनं पेटी मामांच्या हातात दिली. मामांनी तिच्या कडांवरून बोटं फिरवली, चिठ्ठी होती तिथं अंगठा थांबवला. मग त्यांनी ती नाकासमोर धरली आणि मान हळूहळू बाजूला वळवत नेली, कडेच्या डोळ्यानं नाण्याची कड पकडायला. ‘चमकतंय,’ ते म्हणाले. ‘अजून चमकतंय की.’ आणि मग रविकांतकडं बघायचं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. तसंच करावं लागायचं त्यांना. ज्याला बघायचं त्याच्यापासून तोंड फिरवलं तरच तो दिसायचा.

‘सांगा. कितीचं निघालं?’

‘मामा,’ रविकांत म्हणाला. मंजुषा त्याच्या शेजारी बसली होती, तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला. मामांचा कान त्याच्याकडं होता, त्या कानातले पांढरे केस, मानेची ताणलेली शीर. वाक्य तोंडात होतं. मामा, मी.

‘अडुसष्ट,’ तो म्हणाला.

मामा भिंतीकडं तोंड करूनच हसले. आधी आवाज नव्हता, मग खांदे हलले. ‘सत्तरपैकी अडुसष्ट. ऐकलीस का गं? मंजू, तुझं नानं अडुसष्टचं.’ त्यांनी हात पुढं करून चाचपत पोरीचा गाल शोधला. मंजुषानं गाल दिला. ‘हाव अप्पा,’ ती म्हणाली. तिचा खांदा आता रविकांतच्या खांद्याला लागत नव्हता. ती कधी सरकली हे त्याला कळलं नाही.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण एकदा लावली की ती तिथंच राहत नाही. मामा म्हणाले, शेजारच्या कुलकर्णी मास्तरांना दाखवू, त्यांना इंग्रजी येतं. तसा रविकांत लगेच म्हणाला, नको मामा, एवढं मौल्यवान घरी नको, मी बँकेच्या लॉकरला ठेवतो. किती सरळ आवाजात म्हणाला. ‘न्या की,’ मामा म्हणाले, ‘तुमच्याकडंच असू द्या. तुमच्या हातानं झालं म्हनून झालं हे.’ मामींनी पुरणाचा घाट घातला होता. जेवताना मामा दोन घास जास्त जेवले. रविकांतनं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, तो पोळी मोडत होता. कपाळाला गेला तो दादांचा हात होता. पुसलं तो दुकानाचा. ही जीभ कुणाची, असं तो स्वतःला विचारत राहिला, आणि घराण्यात पार वरपर्यंत शोधलं तरी त्याला कुणी सापडेना. पुरण गोड होतं.

परतीच्या गाडीत मंजुषा खिडकीशी बसली. रागावली नव्हती, रागावली असती तर त्यानं समजूत काढली असती. लोह्याला शेंगा घेतल्या तिनं, अर्ध्या त्याला दिल्या. ‘अप्पा खुश झाले,’ एवढं म्हणाली. त्यात टोमणा होता का, हे त्यानं कितीदा तपासलं. नव्हता. तो म्हणाला, ‘त्यांचं वय बघून... मला सांगवलंच नाही गं. दिसत होतं ना तुला, कसे बसले होते ते.’ ‘दिसत होतं की,’ ती म्हणाली, आणि शेंगा फोडत राहिली. त्याला वाटलं, झालं, मिटलं. थोडे दिवस जातील, मग आपण दोघं ह्यावर हसूसुद्धा. जगात कुणाचं काय गेलं त्यात? एका म्हाताऱ्याला सुख झालं. असं बराच वेळ त्याचं चाललं होतं, आणि ते पटतही होतं.

लातूरला पोचल्यावर मंजुषा बसस्टँडवरून घरी गेली, तो दुकानात डोकावून आला. येताना वाटेत शिवानीला फोन केला. पोरगी पुण्याला शिकायला होती, तिला आदल्या दिवशी ताप होता. घरी आला तेव्हा मंजुषा भाजी निवडत होती.

‘शिवानीला फोन केला का?’ तिनं विचारलं.

‘केला. ताप उतरलाय म्हणाली. जेवली पण.’

‘बरं,’ मंजुषा म्हणाली. तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलं, लावलं नाही. तो चप्पल काढत होता. आतून तिचा आवाज आला, नेहमीचाच, मायेचा.

‘शिवानी, काय गं, पप्पांचा फोन आला होता का तुला आता?’

पोरगी बोलत असावी.

‘न्हाई न्हाई, काही न्हाई. सहजच विचारलं.’